मी नेदरलँड्स देऊन टाकलं

माझ्या हातून युरोपचा नकाशा बदलला तो एका शनिवारी, दुपारचा चहा आणि रात्रीचं जेवण यांच्या मधल्या वेळात. बदलायचा इरादा नव्हता. इरादा कंटाळायचा होता, आणि तसा मी रीतसर शब्द दिलेला होता.

झालं असं की, मुलीची दहावीची परीक्षा संपली होती आणि अकरावीचा फॉर्म सोमवारी शाळेत द्यायचा होता. फॉर्मवर तीन चौकटी. सायन्स, कॉमर्स, ह्युमॅनिटीज. सायन्सवर आमच्या घरात कुणाचाच डोळा नव्हता. मुलीनं फिजिक्सशी केव्हाच समझोता केला होता, तू मला छळू नकोस, मी तुला छळणार नाही. भांडण उरलेल्या दोन चौकटींचं. बायकोचं बोट कॉमर्सवर, मुलीचं ह्युमॅनिटीजवर, आणि माझं बोट खिशात. मुलीला इतिहास शिकायचा होता. तोही आपला नाही, अठराव्या शतकातल्या युरोपचा. कुठला राजा कुणाला सोडून कुणाकडे गेला, हे ती जेवताना असं सांगायची की जणू काल आमच्याच बिल्डिंगमध्ये झालंय.

"इतिहास वाचायला मी कधी नाही म्हटलं?" बायको म्हणायची. "लायब्ररीतून पुस्तक आण, वाच. त्याची डिग्री कशाला?"

"अम्मी, यू डोन्ट इव्हन नो व्हॉट इट इज."

"तेच म्हणते मी. मला माहीत नाही म्हणजे नोकरी देणाऱ्यालाही माहीत नसणार."

मी मधे बोलत नसे, पण मनातून बायकोच्या बाजूला होतो. मी रत्नागिरीहून इकडे आखातात आलो तो दोन वर्षांसाठी. त्याला तेवीस वर्षं झाली, अजून त्या दोन वर्षांतच आहे. रोज सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधून निघून शारजापलीकडे हमरिया फ्री झोनला जातो आणि पुठ्ठ्याची खोकी कुठल्या जहाजातून कुठल्या बंदराला जाणार ते बघतो. इथं नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर मुलांची शाळा, असं सगळं एकावर एक रचलेलं असतं. खालचं खोकं हललं की वरची सगळी अंगावर येतात. माझ्या मुलीच्या सगळ्यात खालच्या खोक्यावर 'इतिहास' लिहिलेलं मला बघवत नव्हतं. एवढं साधं होतं ते.

गुरुवारी मुलीनं सौदा मांडला. तिनं एक खेळ बनवला होता. पाच मोठी माणसं लागतात. शनिवारी चार वाजता सुरू, आठ वाजता बंद.

"आठच्या आत एकानं जरी 'बास झालं, उठू या' म्हटलं ना, तर मी माझ्या हातानं कॉमर्सवर टिक करते. नो ड्रामा. पण कुणीच म्हटलं नाही, तर तुम्ही दोघांनी ह्युमॅनिटीजवर सही करायची. डील?"

बायको इतक्या पटकन "डील" म्हणाली की मला संशय आला. तो रास्त होता. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, सात वाजता तुम्ही जांभई द्यायची. मोठी. मी म्हणेन, चला, आता जेवणाचं बघू या. खलास."

"पण ही फसवणूक नाही का झाली?"

"तुम्हाला जांभई येणारच आहे. मी फक्त वेळ ठरवून देतेय."

मी हो म्हणालो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी उघड्या डोळ्यांनी झोपतो असं माझ्याबद्दल बोललं जातं, आणि ते अर्धं खरं आहे. डोळे उघडे नसतात.

शनिवारी चारला मंडळी जमली. समोरच्या फ्लॅटमधले वसईकर नवरा-बायको आले. आमचा त्यांचा बारा वर्षांचा शेजार. तो एका हॉटेलात लग्ना-पार्ट्यांच्या जेवणावळी सांभाळतो, ती दवाखान्यात नर्स आहे. अल मनखूलहून बायकोचा धाकटा भाऊ आला, म्हणजे माझा मेहुणा. तो मोबाइलच्या सुट्या भागांचा धंदा करतो, आणि स्वभावानं असा की वडापाव घेतानाही घासाघीस केल्याशिवाय त्याला चव लागत नाही. चौथी माझी बायको. मी नुसता बघ्या असेन असं वाटलं तर नाही, पाचांत मीही धरलेला होतो. मुलगी पंच.

जेवणाच्या टेबलावर तिनं मीच कारखान्यातून आणलेला जाड पुठ्ठा पसरला. त्यावर रंगवलेला युरोप. अगदी झकास रंगवलेला, हे कबूल करायला हवं. प्रांत म्हणजे बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. सैन्य म्हणजे काबुली चणे. आरमार म्हणजे काळे वाटाणे. आणि गुप्त पत्रव्यवहारासाठी मसाल्याचे छोटे प्लॅस्टिकचे डबे. कुणाला गुपचूप काही कळवायचं किंवा द्यायचं असेल तर चिठ्ठी आणि बटण डब्यात घालून झाकण लावायचं आणि मुलीच्या हातून पाठवायचं. समोरच्यानं देणगी ठेवून घेतली तर करार पक्का. नको असेल तर तशीच परत. डबा मात्र ज्याचा त्याला परत जायलाच हवा, कारण डबे पाचच होते आणि अम्मीला रविवारी हळद भरायला लागणार होते.

मग तिनं राज्यं वाटली. मेहुणा फ्रान्स. नर्सवहिनी इंग्लंड. बायको रशिया. मी ऑस्ट्रिया. वसईकर प्रशिया.

"प्रशिया म्हणजे काय गं?" वसईकरानं विचारलं.

"जर्मनीचा वरचा भाग, अंकल. प्रोटेस्टंट राजा."

"प्रोटेस्टंट? मी?" त्यानं छातीवर हात ठेवला. "अगं, माझी आई वसईत रोज चर्चच्या पहिल्या बाकावर बसते. तिला कळलं तर मला जेवायला घालायची नाही."

"आणि कॅथलिक ऑस्ट्रिया आमच्या भाईसाबना," नर्सवहिनी म्हणाल्या. "पोरीनं बरोबर घोळ घातलाय!"

मुलीनं परिस्थिती समजावली. ती मी माझ्या भाषेत सांगतो. ऑस्ट्रिया आणि इंग्लंड हे जुने सोयरे. फ्रान्स आणि प्रशिया यांची जुनी दोस्ती. प्रशियानं काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाचा सायलेसिया नावाचा एक सुपीक प्रांत बळकावलेला, तो ऑस्ट्रियाच्या काळजात सलतोय. ऑस्ट्रियाकडे नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठी, एक लांबचा तुकडा आहे, ऑस्ट्रियाचं नेदरलँड्स. आजचं बेल्जियम साधारण. आणि रशिया लांब बसून सगळं बघतोय. पुढे खरोखर काय झालं ते ती सांगेना. फोन तर तिनं आधीच एका टोपलीत गोळा केले होते.

पहिला तासभर माझा कंटाळा उत्तम चालला. बायको तर कमालच करत होती. तिची पाळी आली की ती हातातल्या अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणायची, "पास." तिचे चणे जागचे हलत नव्हते.

पण पाच वाजायच्या सुमाराला एक गोष्ट घडली. नर्सवहिनींनी, म्हणजे माझ्या जुन्या सोयऱ्या इंग्लंडनं, सगळ्यांसमोर जाहीर केलं की आता त्यांची युती प्रशियाशी.

"वहिनी! आपला करार होता."

"भाईसाब, होता ना. आता हा आहे." त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला. "रोज याच्याशीच घरी जायचंय मला."

वसईकर माझ्याकडे बघून असा हसला की माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सायलेसियाचं हिरवं बटण त्यानं बोटानं टकटक वाजवलं. मी अठराव्या शतकातला माणूस नाही, हमरियातला माणूस आहे, ब्लडप्रेशरची अर्धी गोळी घेणारा. तरी सांगतो, ते हिरवं बटण मला असं हवंसं झालं की पूर्वी कधी काही झालं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली. बायकोनं टेबलाखालून पाय मारला.

साडेसहाला मगरिबची अजान झाली. मुलीनं खेळ थांबवला, मी आणि मेहुणा खालच्या मशिदीत जाऊन आलो. येता-जाता आम्ही युरोपचा शब्दही काढला नाही, अल्लाशप्पथ. तो त्याच्या बिल्डिंगची लिफ्ट कशी तीन दिवस बंद आहे ते सांगत होता. पण वर येऊन दार उघडलं तर वसईकर उभाच.

"काय ठरलं?"

"कसलं काय ठरलं?"

"शेजाऱ्याला शिकवू नका. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया एकत्र नमाजाला जातात, वीस मिनिटांनी हातात हात घालून परत येतात. आणि मी काय बाल्कनीत मनीप्लांटला पाणी घालत बसलोय?"

"अरे, लिफ्टबद्दल बोलत होतो."

"लिफ्ट!" तो आपल्या बायकोला म्हणाला. "ऐक. लिफ्ट म्हणतायत आता त्याला."

त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की फ्रान्स आणि ऑस्ट्रिया मिळून त्याला चिरडणार. मेहुण्यानंही व्यापाऱ्याला शोभेल असं गूढ स्मित केलं, जणू खरंच काही ठरलंय. पुढच्या फेरीत मुलगी डबा घेऊन माझ्याकडे आली. प्रशियाचा डबा. झाकण काढलं. आत हिरवं बटण! सायलेसिया! आणि चिठ्ठी: 'ठेव. बदल्यात काही नको. फक्त फ्रान्सला हो म्हणू नकोस.'

मी ते बटण मुठीत घट्ट धरलं. छाती धडधडत होती. पन्नाशीला टेकलेला माणूस, समोर मसाल्याचा डबा, आणि छाती धडधडतेय. घड्याळात सातला पाच कमी. बायको माझ्याकडे बघतेय. मुलगी हात पुढे करून उभी, रिकामा डबा परत न्यायला.

आणि इथं माझ्या हातानं जे केलं ते माझ्या डोक्याला विचारून केलेलं नाही.

समोरच्या घरातून डबा आला की तो रिकामा परत करायचा नाही, ही सवय आहे. बारा वर्षांची. ख्रिसमसला त्यांच्याकडून तळलेल्या गोल पावांचा डबा येतो, त्यातून आमच्याकडचं सांदण जातं. ईदला आमच्याकडून शीरखुर्मा गेला की भांड्यातून काहीतरी येतंच. घरात काहीच नसलं तर बायको डब्यात चमचाभर साखर घालते. वसईकराचा डबा, माझ्या हातात, रिकामा. हात आपोआप टेबलावर फिरला, जे जवळ पडलं होतं ते उचललं, डब्यात टाकलं, झाकण लावलं, मुलीला दिलं. तोंडानं "थँक यू सांग हां अंकलना" सुद्धा म्हटलं असेन.

वसईकरानं झाकण उघडलं. त्याचा जबडा खाली आला.

"नेदरलँड्स?"

मेहुणा वाकून डब्यात बघू लागला.

"यानं मला नेदरलँड्स दिलं," तो म्हणाला. "फुकट."

मी माझ्या बाजूला पाहिलं. निळं बटण नव्हतं. ज्या बटणावर माझ्या मुलीनं बारीक अक्षरात 'अँटवर्प' लिहिलं होतं. ज्या बंदराचे कंटेनर मी आठवड्याला दोनदा बुक करतो, ज्याच्या उशिरावरून मी फोनवर ओरडतो, ते बंदर मी शेजाऱ्याच्या डब्यात घालून दिलं होतं.

"वेट," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "अब्बू, तुम्ही असं नाही करू शकत. देअर इज नो रूल. देणगी ठेवायची किंवा परत करायची. दुसरं काही परत द्यायचं नसतंच. नोबडी डझ दॅट. त्या काळात फुकट कुणी काही देत नव्हतं. गेम... गेम पुढे जाणारच नाही."

तिनं नियमांचे कागद चाळले. पुन्हा चाळले. डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं मान खाली घातली होती. मला कळलं ते तेव्हा. कुणी 'बास' म्हणायची गरजच उरली नव्हती. आता ती स्वतःच म्हणणार होती. खेळ मोडला, आणि मोडणारा मी. जांभई न देताच मी बायकोचं काम चोख करून ठेवलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी बटण मागायला हात पुढे केला.

बायकोनं अडकित्ता खाली ठेवला. याहून चांगली संधी तिला मिळणार नव्हती. 'चला, जेवणाचं बघू या', एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"का नाही देणार?" ती म्हणाली.

"काय?" मुलगी म्हणाली.

"शेजाऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा? आपल्या घरातून? पंचानं नियम करताना हा विचार करायला नको होता?" मग ती माझ्याकडे वळली. "पण अहो, चमचाभर साखर घालतात हो! अख्खा मुलूख नाही!"

वसईकर हसता हसता खुर्चीतून घसरला. पण नर्सवहिनी हसत नव्हत्या. त्या नकाशावर वाकल्या होत्या.

"एक मिनिट. हा माणूस आता इथं आला?" त्यांनी निळ्या बटणावर बोट ठेवलं, मग मधला चिंचोळा समुद्र ओलांडून आपल्या लंडनवर. "माझ्या दारात?"

"अगं, मी तुझा नवरा..."

"नवरा घरी. इथं तू प्रशिया आहेस. कालपर्यंत तिकडे जंगलात होतास, आज माझ्या खिडकीसमोर बंदर घेऊन बसलायस. आणि तेही यानं फुकट दिलं? कोण देतं फुकट? तुमच्या दोघांत काहीतरी शिजलंय."

"काही शिजलेलं नाही!" मी आणि वसईकर एकदम ओरडलो. दोन निरपराध माणसं एकदम ओरडली की जेवढी गुन्हेगार वाटतात तेवढे आम्ही वाटलो.

"ती जमीन माझ्या उंबऱ्यालाही लागून आहे," मेहुणा म्हणाला. त्याचं गूढ स्मित गेलं होतं. "वहिनी, जरा बोलू या का?"

मुलीनं मान वर केली. तिचे डोळे अजून ओले होते, पण त्यांत काहीतरी पेटलं होतं.

"वेट. वेट वेट वेट." तिनं नियमांचे कागद बाजूला सारले, खाली ढकललेच म्हणा. "नियम नको. मला सांगू द्या. अब्बूंनी काही मागितलं नाही. करेक्ट? पण लंडनमध्ये कुणाला ते खरं वाटेल? पॅरिसमध्ये? नोबडी. सगळे म्हणणार, आत गुप्त कलम आहे. खऱ्या इतिहासात काय झालं सांगू? इंग्लंड प्रशियाकडे गेलं, जसं आंटींनी केलं, सेम टू सेम. मग ऑस्ट्रिया आणि फ्रान्स, पिढ्यान्‌पिढ्यांचे दुश्मन, घाबरून एकत्र आले, जसं अंकलना वाटलं. पण आता..." तिनं श्वास घेतला. "आता इंग्लंड आणि फ्रान्स एकत्र येतायत. इंग्लंड आणि फ्रान्स! अब्बू, यू ब्रोक युरोप!"

मला आयुष्यात कुणी इतक्या प्रेमानं काही मोडल्याचं श्रेय दिलेलं नव्हतं.

"मग पुढे काय?" मेहुण्यानं विचारलं.

"मग ते दोघं अमेरिकेत लढत नाहीत. इंडियातही नाही."

इंडिया म्हटल्यावर टेबल उठून उभंच राहिलं. मेहुणा म्हणाला, दोन गोऱ्या कंपन्या एकमेकींवर पहारा देत बसल्या असत्या, कुणालाच हातपाय पसरता आले नसते, आपण वाचलो असतो. बायको म्हणाली, वेडा आहेस का, दोन गिऱ्हाइकं एक झाली की दुकानदाराचं काय होतं ते तुला रोज दिसत नाही? दोघांनी मिळून वाटून खाल्लं असतं. वसईकर म्हणाला, आमचा किल्ला तर पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी आधीच घेतला होता, आम्हाला कुणी विचारलं होतं का? सगळे एकाच वेळी बोलत होते. मी तर उभा राहून बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही, 'अँटवर्प' हा शब्द बऱ्याचदा येत होता.

"आणि आपलं कोकण?" बायकोनं विचारलं.

मुलगी म्हणाली, "अम्मी, तुझ्या गावाजवळ विजयदुर्ग आहे ना? युरोपात हे जुने करार फिरले, त्याच वर्षी विजयदुर्गाला कोकणचं आरमार जळलं. पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं होतं. इंग्रजांची जहाजं समुद्रातून आली."

"आपल्याच लोकांनी? इंग्रजांना बोलावून?"

"तिथंही तेच चाललं होतं, अम्मी. कोण कुणाला घाबरून कुणाकडे गेलं."

बायकोचं माहेर विजयदुर्गाच्याच खाडीच्या काठी. तिचा आजा गलबतावर तांडेल होता, त्याच्या आजाचा आजा कुठल्या जहाजावर होता ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ती खेळाच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मुलीनं ते एका कोपऱ्यात चिकटवलं होतं, दर फेरीला एक महिना पुढे.

"ते वर्ष अजून लागलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "तुझ्या कॅलेंडरात अजून आदल्या वर्षाचा नोव्हेंबर आहे."

"यस?"

"म्हणजे आत्ता, या टेबलावर, ते आरमार अजून उभं आहे?"

मुलीनं आईकडे पाहिलं. "टेक्निकली... यस. उभं आहे."

पुठ्ठा तुर्कस्तानाशीच संपत होता. बायकोनं वाटीतले काळे वाटाणे मूठभर घेतले आणि पुठ्ठ्याबाहेर, माझ्या चहाच्या कपाच्या पलीकडे, टेबलक्लॉथवर एक एक करून नीट रांगेत मांडले. मेहुण्यानं कप उचलून बाजूला केला. कुणी हसलं नाही.

"इंग्रज फ्रेंचांशी बोलण्यात गुंतलाय तोवर इकडे यायचा नाही," ती म्हणाली. "किती महिने मिळतात?"

"आंटींनी ठरवायचं. शी इज ब्रिटन."

"भाभी, मी तुमच्या अंगणात कशाला येऊ?" नर्सवहिनी म्हणाल्या. "मला आधी हा माझ्या दारातला हाकलायचाय."

आणि मग आम्हाला सगळ्यांना एकदमच दिसलं. तीन तास 'पास' म्हणत बसलेल्या रशियाकडे सगळे चणे शाबूत होते. बाकी आम्ही चौघं भांडून भांडून अर्धे झालो होतो. ती ज्याच्या बाजूनं उभी राहील, युरोप त्याचा. वसईकर ताबडतोब खुर्ची उचलून तिच्याशेजारी गेला. मेहुणा "आपा, रक्ताचं नातं" म्हणू लागला. मी "अगं" म्हणालो, तर ती म्हणाली, "तुम्ही थांबा, तुम्ही वाटत सुटता."

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आठ वाजले."

ती उभी होती. हातात फॉर्म, छातीशी धरलेला. चार तास पंचाच्या रुबाबात वावरलेली पोर एका मिनिटात सोळा वर्षांची झाली. "टाइम ओव्हर. गेम बंद. आता... तुम्ही सांगा."

"काय सांगा?" बायको नकाशावरून नजर न काढता म्हणाली. "बस खाली. रशियाची चाल व्हायचीय."

नर्सवहिनींनी टाळी वाजवली. "भाभी! हाच निकाल झाला की!"

बायकोनं मान वर केली. मुलीकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. मला वाटलं आता तिला आमचा स्वयंपाकघरातला तह आठवणार. आठवला असावा, कारण तिनं माझ्याकडे एक असा कटाक्ष टाकला की मी सायलेसियाचं बटण पाहू लागलो. मग ती खुर्चीत सरळ झाली.

"फॉर्म दे इकडे."

"अम्मी..."

"ऐक आधी. इतिहास घ्यायचा तर घे. पण अर्थशास्त्र सोबत. आणि गणित सोडायचं नाही."

"अप्लाइड मॅथ्स चालेल? ह्युमॅनिटीजवाल्यांना देतात आमच्याकडे."

"ते खरं गणित असतं?"

"असतं."

"दर आठवड्याला मला दाखवशील?"

"दर महिन्याला."

"पंधरा दिवसांनी."

"डन," मुलगी म्हणाली. मेहुणा शेजारून पुटपुटला, "ही माझी भाची."

"आणि तुला नोकरी लागेल का, हे मला अजूनही माहीत नाही," बायको म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "मला भीती वाटते ती गेलेली नाही. समजलं?"

"मलाही वाटते, अम्मी," मुलगी म्हणाली. मराठीत म्हणाली, पूर्ण.

तिनं फॉर्म नकाशावरच ठेवला आणि चौकटीत टिक केली, पेन इतकं दाबून की खालच्या पुठ्ठ्यावर, पोलंडच्या मधोमध, ठसा उमटला. बायकोनं सही केली. मग मी केली. माझी सही वाकडी आली, कारण वसईकर मागून मला मिठी मारत होता आणि मीही हलत होतो. मुलगी फॉर्म घेऊन आत गेली, तो दप्तरात ठेवला, दप्तराची चेन लावली, परत उघडून पाहिली, परत लावली. हे सगळं आम्हाला दारातून दिसत होतं. बाहेर येऊन ती टेबलाशी बसली आणि नाक पुसून पुन्हा पंच झाली.

"रशिया. युवर मूव्ह."

बायकोनं दोन्ही हातांनी चणे गोळा केले, आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि सावकाश, अगदी सावकाश, ते सगळे माझ्या व्हिएन्नाच्या दिशेनं लोटायला सुरुवात केली.